हिंटनची टेस्ट

सरकारी दवाखान्याच्या लॅबात मी आधी रक्ताच्या नळ्या धुतल्या, मग तपासायला शिकलो. गरमीची तपासणी रोजचीच. कागदावर तिला सिफिलिस म्हणतात. एकदा साहेब सगळ्यांदेखत बोलले, 'राखीव जागेवाल्यांना नळी तरी सरळ धरता येते का?' ते बोलणं डोक्यात घेऊनच मी विल्यम ऑगस्टस हिंटनची हकिकत वाचली.

हिंटन १८८३ साली शिकागोत जन्मला, कॅन्ससात वाढला. काळा माणूस. आईबाप गुलामीत जन्मलेले. १९०५ला हार्वर्डची पदवी घेतली, पैशापायी काही वर्षं मास्तरकी केली, आणि १९१२ला तिथूनच डॉक्टर झाला. तिथं काळ्या विद्यार्थ्यांसाठी राखलेली शिष्यवृत्ती त्याला देऊ केली होती. त्यानं नाकारली. सगळ्यांना खुली होती ती स्पर्धेत जिंकली, दोनदा.

हे ऐकून आमचे साहेब खूश होतील. पण पुढचं ऐका. खुल्या स्पर्धेत जिंकलेल्या ह्या डॉक्टराला बोस्टनच्या हॉस्पिटलांनी कातडीपायी उमेदवारी करू दिली नाही. मग बिनपगारी मदतनीस झाला. गरमीनं मेल्याचा संशय असलेले मुडदे फाडायचे, हे काम. रोग त्याच्या हाती आला तो असा.

तेव्हा वासरमनची १९०६ची तपासणी चालायची. किचकट, वेळखाऊ, आणि कित्येकदा रोग नसलेल्याच्याही कपाळी शिक्का मारणारी. शिक्का बसला की महिनोन्‌महिने आर्सेनिकच्या विषारी सुया. हिंटननं १९२७ला आपली टेस्ट काढली. बैलाच्या काळजाचा अर्क, कोलेस्टेरॉल, ग्लिसरीन. ते रोग्याच्या रक्तावरच्या पाण्यात मिसळलं की गुठळ्या धरतात, डोळ्यांनी दिसतात. खोटे शिक्के कमी झाले. १९३४ला अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानंही ती नावाजली.

ह्याच खात्यानं १९३२ला अलाबामात टस्कीगीला ३९९ रोगी काळी माणसं नुसती बघत बसायला धरली. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. हे १९७२पर्यंत चाललं. काळ्याची टेस्ट चालते, काळ्याचा जीव चालत नाही!

१९३६ला हिंटनचं सिफिलिसवरचं पुस्तक आलं. १९३८ला काळ्यांच्या संघटनेचं मानाचं स्पिंगार्न पदक त्याला देऊ केलं, तेही त्यानं नाकारलं. टेस्ट काळ्या माणसानं काढलीय हे कळलं तर डॉक्टर ती वापरणार नाहीत, ही धास्ती. मला पहिल्यांदा राग आला. मग आठवलं, शहरात खोली बघताना मी आडनाव गिळायचो. साहेबांची गुणवत्ता ती हीच काय? रक्ताची टेस्ट खरी ठरवायला माणसानं तोंड लपवायचं?

हार्वर्डात त्यानं तीसेक वर्षं शिकवलं. प्रोफेसर केला १९४९ला, निवृत्तीच्या एक वर्ष आधी. हार्वर्डातला पहिला काळा प्रोफेसर.

१९५९ला गेला. जमवलेले ७५,००० डॉलर त्याच हार्वर्डला शिष्यवृत्तीसाठी ठेवून गेला, गुलामीत जन्मलेल्या आईबापांची आठवण म्हणून. शिष्यवृत्तीला नाव मात्र अध्यक्ष आयझेनहॉवरचं दिलं. हे मला अजून पटलेलं नाही.