कुवेतमध्ये वीज गेली तर... हिवाळा, पाऊस आणि आपल्या घराची तयारी



"वीज गेली" हे वाक्य कुवेतमध्ये आपल्याला फारसे बोलावे लागत नाही. महाराष्ट्रात लोडशेडिंगची वर्षे काढून आलेल्यांना इथे आल्यावर सुरुवातीला याचेच अप्रूप वाटते. त्यामुळे घरात टॉर्च कुठे आहे, त्यात सेल आहेत का, हे आपण वीज गेल्यावरच शोधू लागतो. गेल्या काही वर्षांतले अनुभव पाहता ही शोधाशोध आधीच केलेली बरी.

वीज जाण्याचा विषय निघाला की आपल्याला जून-जुलैचा उकाडा आठवतो. पण अडचण पुष्कळदा ऋतू सोडून येते : ऐन दुरुस्तीच्या काळात, अवेळी आलेल्या उष्म्यात किंवा नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुसळधार पावसात. हिवाळ्यात वीज गेली की गारठा घालवण्यासाठी घरात निखारे आणण्याचा मोह होतो, आणि खरा धोका तिथेच आहे. म्हणून या लेखात उन्हाळ्याबरोबर हिवाळ्याचाही विचार केला आहे.

इथली वीज कशी चालते?

कुवेतची बहुतेक वीज तेल आणि नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या मोठ्या केंद्रांतून येते. सबिया, दोहा वेस्ट, अझ-झोर साउथ आणि अझ-झोर नॉर्थ ही त्यांतली महत्त्वाची नावे. समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याचे काम प्रामुख्याने याच केंद्रांच्या आवारात चालते. म्हणजे आपल्या घरातला दिवा आणि नळ यांचे मूळ एकच आहे.

विजेची मागणी आणि उत्पादन यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ ठेवावी लागते. मागणी वाढली आणि उत्पादन कमी पडले की ही वारंवारता घसरू लागते. फार घसरली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकापाठोपाठ एक बंद पडतात आणि सगळे जाळेच कोसळू शकते. ते टाळण्यासाठी काही भागांचा पुरवठा थोडा वेळ मुद्दाम तोडला जातो. यालाच आपण लोडशेडिंग म्हणतो.

इथे उन्हाळ्यातल्या कमाल मागणीपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या वातानुकूलनाचा असतो. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा हवेत एसी बंद ठेवून चालत नाही. उन्हाळ्याची कमाल मागणी आता १७ हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. हिवाळ्यात ती निम्म्याहूनही खाली येते, म्हणून संचांची मोठी दुरुस्ती ऑक्टोबरपासून वसंतापर्यंतच्या काळात उरकली जाते. याचा दुसरा अर्थ असा, की थंडीच्या दिवसांत वीज भरपूर वाटली तरी अनेक संच त्या वेळी बंद असतात.

आजवर काय घडले?

• फेब्रुवारी १९९१ : कुवेतमधला सर्वात मोठा अंधार भर हिवाळ्यात पडला. इराकी सैन्याने माघार घेताना वीजकेंद्रांची आणि वाहिन्यांची नासधूस केली. सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटल्या होत्या आणि धुरामुळे दिवसाही काळोख होता. वीज नव्हती आणि त्यामुळे पाणीही नव्हते. २६ फेब्रुवारीला देश मुक्त झाला तरी वीज टप्प्याटप्प्याने परत यायला अनेक आठवडे लागले.

• २००६ आणि २००७ : २००६ च्या उन्हाळ्यात मागणी पुरी पडेना, म्हणून काही भागांत वीज कापावी लागली. पुढच्या वर्षी 'तरशीद' ही वीज-पाणी बचतीची मोहीम जोरात राबवली गेली.

• जून २०२४ : १९ जूनला वीज मंत्रालयाने जाहीर केले, की कमाल मागणीच्या वेळेत काही भागांत दिवसाला दोन तासांपर्यंत वीज बंद राहील. उष्णतेमुळे वाढलेली मागणी केंद्रांना पेलत नाही, हे कारण दिले होते. त्या उन्हाळ्यासाठी आखाती देशांच्या सामाईक जाळ्यातून ५०० मेगावॅट वीज घेण्याचा करार झाला होता. त्यातली ३०० मेगावॅट ओमानची आणि २०० कतारची.

• एप्रिल २०२५ : कडक उन्हाळा अजून सुरू व्हायचा होता. तरीही महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आधी शेती आणि औद्योगिक विभागांत, मग निवासी भागांतही वीज कापली गेली. गरमी वाढली होती आणि काही संच दुरुस्तीसाठी बंद होते.

ऋतू सोडून आलेल्या हवेचे सर्वात बोलके उदाहरण मात्र अमेरिकेतले आहे. उन्हाळ्याची सवय असलेल्या टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याची थंडी पडली. वायूच्या विहिरी, वाहिन्या आणि वीजकेंद्रे गोठली. राज्याचे जाळे शेजाऱ्यांपासून बरेचसे वेगळे असल्याने बाहेरून पुरेशी वीज आणता आली नाही. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. सारे जाळे कोसळायला अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती, असे नंतर सांगण्यात आले. सरकारी नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. त्यांतली काही गारठ्याने गेली, तर काही घर गरम करण्यासाठी आत पेटवलेल्या कोळशाच्या, जनरेटरच्या किंवा गाडीच्या धुराने. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथल्या कितीतरी मराठी घरांनी ते दिवस काढले आहेत.

कुवेतचे जाळे २००९ पासून आखाती देशांच्या जाळ्याला जोडलेले आहे, हा आपला मोठा आधार. पण घरातल्या शेगडीचा धोका इथेही तोच आहे.

दोन प्रकारची वीजकपात

उन्हाळ्यातली कपात बहुधा दुपारी होते, भागवार जाहीर होते आणि तास-दोन तासांत संपते. हिवाळ्यात वीज जाते ती बहुतेक वेळा स्थानिक बिघाडाने : तळघरात पाणी शिरले, केबलचा जोड भिजला, एकाच वायरीवर दोन-तीन हीटर चालले. तिचे वेळापत्रक कुणी देत नाही आणि ती रात्रीही जाऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात जाहीर झालेली वेळ सांभाळायची आणि हिवाळ्यात सामान हाताशी ठेवायचे.

आधीच करून ठेवण्याच्या गोष्टी

१. प्रत्येक खोलीत नाही तरी घरात निदान दोन टॉर्च असाव्यात, आणि त्या ठरलेल्या जागी. सेल वेगळे ठेवावेत, आत ठेवून विसरले की गळतात.

२. एक मोठी पॉवर बँक भरून ठेवावी. महिन्यातून एकदा तपासावी.

३. पिण्याच्या पाण्याची एक बाटली जादा असावी. वीज गेली की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद पडतो. टाकीत आहे तेवढेच पाणी पूर्ण बिल्डिंगला पुरवायचे असते, म्हणून धुणी-भांडी थांबवावीत.

४. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होत असेल तर पोहे, चिवडा, खाकरा, खजूर, शेंगदाणे असे न शिजवता खाता येणारे थोडे घरात असू द्यावे. लहान मूल असेल तर थर्मासमध्ये गरम पाणी.

५. घरात कुणाला श्वासाचे यंत्र किंवा नेब्युलायझर लागत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून बॅटरीवर चालणारी सोय करावी. भारतातून आलेल्या आई-वडिलांना रात्री बाथरूमपर्यंतची वाट अंधारात सापडेल का, हेही पाहावे.

६. आपल्या फ्लॅटचा ब्रेकर बोर्ड कुठे आहे, हे घरातल्या सर्व मोठ्यांना माहीत हवे. हारिसचा नंबर फोनमध्ये असावा. वीज मंत्रालयाचा मदत क्रमांक १५२ आणि आणीबाणीचा ११२.

वीज गेल्यावर

आधी खिडकीतून बाहेर पाहा. समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे असतील आणि जिन्यातही असतील, तर आपलाच ब्रेकर पडला असेल. पूर्ण बिल्डिंग अंधारात असेल तर हारिसला विचारा, आणि मग १५२ ला कळवा.

एसी, हीटर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांची बटणे बंद करा. एक दिवा मात्र चालू स्थितीत ठेवा, म्हणजे वीज आल्याचे कळेल.

लिफ्ट वापरू नका. आत अडकलात तर अलार्मचे बटण दाबा, फोन करा आणि थांबा. दार ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नका. वीज अचानक आली तर लिफ्ट हलू शकते.

मेणबत्ती शक्यतो टाळा. १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या बिल्डिंगला लागलेल्या आगीत ४० हून अधिक भारतीयांचे प्राण गेले. तळमजल्यावरचे शॉर्टसर्किट हे तिचे कारण असल्याचे तपासात सांगण्यात आले. दाटीने राहणाऱ्या बिल्डिंगमध्ये एक लहान ठिणगी काय करू शकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जिन्यात सामान आणि गादी-पलंग ठेवू नका. गच्चीचे दार गरज पडल्यास उघडता येते का, तेही एकदा विचारून घ्या.

निखारे घरात नकोत

कुवेत शहरात जानेवारीच्या रात्री तापमान आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते, वाळवंटात कधी शून्याखालीही. काँक्रीटची घरे एका रात्रीत गोठणार नाहीत. दोन रजया, स्वेटर, पायमोजे आणि सर्वांनी एकाच खोलीत झोपणे एवढ्यावर निभावते.

कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर मात्र बंद जागेत कधीही नको. जळताना त्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणून हा धोका टळत नाही. विझत आलेले निखारेही तो वायू सोडत असतात.

हे तंबूंनाही लागू आहे. इथला कॅम्पिंगचा हंगाम १५ नोव्हेंबर ते १५ मार्च असतो आणि आपलीही बरीच मंडळी वाळवंटात जातात. शेकोटी बाहेर, झोपणे आत, हा नियम पाळा. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी, आणि तेही एकाच वेळी दोघा-तिघांना, असे झाले तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि ११२ ला फोन करा.

हीटरबद्दलही एक हिशेब लक्षात ठेवा. २००० वॅटचा हीटर २४० व्होल्टवर सुमारे ८.३ अँपिअर घेतो. असे दोन हीटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले तर १६.७ अँपिअर होतात, आणि इथला साधा प्लग १३ अँपिअरचा असतो. हीटर नेहमी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा. पडदा, रजई आणि वाळत घातलेले कपडे यांपासून तो लांब ठेवावा.

पाऊस आला तर

नोव्हेंबर २०१८ च्या पावसाने रस्ते आणि भुयारी मार्ग पाण्याखाली गेले, विमाने दुसरीकडे वळवावी लागली आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडे गारांचा खच पडला होता. म्हणजे असा पाऊस क्वचित येतो, पण येतो.

बिल्डिंगच्या तळघरात पाणी साचले असेल तर गाडी काढायला उतरू नका. विजेच्या वायरी पाण्यात असू शकतात. तळमजल्यावरच्या विजेच्या खोलीत पाणी शिरताना दिसले तर हारिसला सांगा आणि १५२ ला कळवा. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला किंवा फीडर पेटीला ओल्या हाताने स्पर्श करू नका. मुलांनाही हे सांगून ठेवा.

फ्रिज आणि औषधे

फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो. दूध, मटण, मासे, शिजवलेला भात यांबाबत शंका आली तर टाकून द्या. सुट्टीवर जाताना एक सोपी युक्ती करा : वाटीत बर्फ गोठवून त्यावर नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले तर मधल्या काळात बर्फ वितळला होता, असे समजा आणि फ्रीझरमधले काही वापरू नका.

वापरात असलेले इन्सुलिन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत काही आठवडे चालते. नेमका कालावधी पाकिटावर पाहावा. हिवाळ्यात तास-दोन तास वीज गेल्याने त्याला काही होत नाही. उन्हाळ्यात मात्र ते थंड पिशवीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

वीज परत आल्यावर

सर्व यंत्रे एकदम सुरू करू नका. आधी दिवे आणि फ्रिज, पाच-दहा मिनिटांनी एसी किंवा हीटर. सगळ्या भागाने एकाच क्षणी सगळे सुरू केले तर भार उसळतो आणि वीज पुन्हा जाऊ शकते. ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो जबरदस्तीने चढवू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि वीज आल्याबरोबर एक काम आवर्जून करा. शेजारच्या बॅचलर फ्लॅटमधल्या मुलांची, वरच्या मजल्यावर एकट्या असलेल्या काकूंची चौकशी करा. वाळवंटात पहिल्यांदाच कॅम्पला निघालेल्या नव्या मंडळींना शेगडीची गोष्ट आठवणीने सांगा. हा लेख छापून फ्रिजवर लावला तर उत्तम. अंधारात वाचण्यासाठी मात्र टॉर्च आधी शोधून ठेवा!