मिस्सामध्ये गाणे आणि मिस्सा गाणे

दरवर्षी २२ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा रक्तसाक्षी संत सिसिलिया हिचा सण साजरा करते. संत सिसिलिया ही संगीताची आश्रयदाती संत मानली जाते. मात्र ती नामवंत गायिका होती म्हणून हा मान तिला मिळालेला नाही. तिच्या जीवनाच्या प्राचीन वृत्तांतात असे सांगितले आहे की, तिच्या विवाहप्रसंगी वाद्यांचा गजर चालू असताना ती मात्र आपल्या अंतःकरणात केवळ प्रभूसाठी गात होती. बाहेरचे संगीत समारंभाचे होते. आतले गायन ही प्रार्थना होती. ख्रिस्तसभेने संगीताची आश्रयदाती निवडताना या आतल्या गायनाचा सन्मान केला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सामध्ये गायन असतेच. प्रवेशगीत होते, अर्पणगीत होते, ख्रिस्तप्रसाद घेताना गीत होते. परंतु हे गायन उपासनेत नेमके कशासाठी असते, ते कोणाचे असते आणि त्यात अग्रक्रम कशाला द्यावयाचा, याविषयी श्रद्धावंतांच्या मनात पुरेशी स्पष्टता असतेच असे नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नांचा थोडक्यात परामर्श घेत आहोत.

पवित्र शास्त्रातील गायन

पवित्र शास्त्रात गायनाचा उगम देवाच्या कृतीत आहे. देव प्रथम काही करतो आणि मनुष्य गाऊन त्यास उत्तर देतो. तांबडा समुद्र ओलांडून आल्यावर मोशे व इस्राएल लोक गाऊ लागले आणि मिर्यामने डफ हाती घेऊन स्त्रियांसह त्यांना साथ दिली (निर्गम १५). मुक्त झालेल्या लोकांची ही पहिली सामुदायिक उपासना होती.

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे ही मुळात गाण्यासाठीच रचलेली आहेत. ती सर्व आनंदाची नाहीत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यांतील फार मोठा भाग विलापाचा, तक्रारीचा आणि आर्त याचनेचा आहे. आजारी माणूस, छळ सोसणारा माणूस, बाबेलच्या नदीकाठी बसलेला निर्वासित, हे सर्व त्या स्तोत्रांतून बोलतात. म्हणून 'मन प्रसन्न असेल तर गावे' ही समजूत बायबलला धरून नाही. दुःख शब्दांत मावेनासे होते तेव्हाही मनुष्य देवापुढे गातो.

खुद्द प्रभू येशू याच स्तोत्रांच्या परंपरेत वाढला. अखेरच्या भोजनानंतर प्रभू व त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, अशी नोंद मत्तय व मार्क या दोघांनीही केली आहे. वल्हांडणाच्या भोजनप्रसंगी ११३ ते ११८ ही स्तुतिस्तोत्रे गाण्याची यहुदी प्रथा पाहता ती हीच स्तोत्रे असावीत, असे अभ्यासक मानतात. पहिल्या ख्रिस्तयागाची सांगता गायनाने झाली आणि त्यानंतर प्रभू गेथशेमानीच्या वेदनेकडे गेला. संत पौल व सीला यांनी फिलिप्पै येथील तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री स्तोत्रे गाइली आणि इतर कैदी ती ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये १६). पुढे कलस्सैकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक गायने यांनी एकमेकांना बोध करावा आणि अंतःकरणात प्रभूसाठी गावे, असा उपदेश आढळतो.

आद्य ख्रिस्तसभेचा आवाज

इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमी राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजन यास एक पत्र पाठविले. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी एकत्र जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, असे त्याने त्यात कळविले आहे. ख्रिस्ती उपासनेविषयी बाहेरच्या माणसाने केलेल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक होय. परक्या अधिकाऱ्याच्या नजरेत भरलेली गोष्ट होती ती लोकांचे एकत्र गाणे.

सन ३८६ मध्ये मिलान येथे सम्राटाची माता जस्टिना हिने एरियन पंथीयांसाठी चर्चची मागणी केली. संत अम्ब्रोझ यांनी ती नाकारली आणि त्यांच्यासोबत श्रद्धावंत दिवसरात्र चर्चमध्ये जागून राहिले. लोकांनी दुःखाने व थकव्याने खचून जाऊ नये म्हणून त्या दिवसांत पूर्वेकडील रीतीनुसार स्तोत्रे व गीते गाण्यास प्रारंभ झाला, असे संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात सांगतात. पुढच्याच वर्षी, ३८७च्या ईस्टरला, ऑगस्टीन यांचा त्याच मिलानमध्ये बाप्तिस्मा झाला. तेथील गायन ऐकून आपल्याला रडू कोसळले, हे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

याच संताच्या नावावर, जो गातो तो दुहेरी प्रार्थना करतो, अशा आशयाचे एक वचन सांगितले जाते. त्या नेमक्या शब्दांत ते त्यांच्या लेखनात सापडत नाही. परंतु त्यामागील विचार त्यांचाच आहे. स्तोत्रांवरील आपल्या विवेचनात ते म्हणतात की, गाऊन स्तुती करणारा केवळ स्तुती करीत नाही, तर ज्याची स्तुती करतो त्याच्यावर प्रेमही करतो. मात्र त्यांनी एक इशाराही दिला आहे. गीताच्या आशयापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपले मन अधिक हेलावते तेव्हा आपण चुकतो, अशी कबुली त्यांनी त्याच 'कन्फेशन्स'मध्ये दिली. गायनाचे सामर्थ्य आणि गायनाचा मोह, दोन्ही त्यांनी अनुभवले होते.

लोकांचे गायन लोकांकडे

कालांतराने गायनाची कला विकसित झाली. ग्रेगोरियन गायनाची परंपरा बहरली आणि पुढे अनेक स्वरांच्या भव्य रचना निर्माण झाल्या. ही ख्रिस्तसभेची अमूल्य ठेव आहे. परंतु त्यासोबत गायन हे प्रशिक्षित गायकवृंदाचे काम होत गेले आणि सामान्य श्रद्धावंत बव्हंशी श्रोता झाला.

ही दरी भरून काढण्याचे एक महत्त्वाचे पाऊल संत दहावे पायस यांनी उचलले. योगायोग असा की त्यांचा पवित्र संगीतावरील आदेश २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संत सिसिलियाच्या सणादिवशीच प्रसिद्ध झाला. श्रद्धावंतांनी उपासनेत पुन्हा क्रियाशील सहभाग घ्यावा यासाठी ग्रेगोरियन गायन त्यांच्या ओठी परत यावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा संविधान-दस्तऐवज घोषित केला. त्याच्या सहाव्या अध्यायात पवित्र संगीत हे विधिपूर्वक उपासनेचे अविभाज्य अंग आहे, असे प्रतिपादन केले आहे. परिषदेच्या मते संगीत म्हणजे उपासनेवर चढविलेला साज नव्हे. ज्याप्रमाणे भाकरी व द्राक्षारस, पाणी व तेल, त्याप्रमाणे मानवी आवाजही उपासनेत देवासमोर ठेवला जातो.

अग्रक्रम कशाला?

यानंतर ५ मार्च १९६७ रोजी 'मुसिकाम साक्राम' ही सूचनावली प्रसिद्ध झाली. तिने मिस्सातील गायनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत.

पहिल्या पायरीवर याजक आणि श्रद्धावंत यांच्यातील संवाद येतो: अभिवादन व त्याचे उत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचे प्रतिसाद, प्रस्तावना प्रार्थनेपूर्वीचा संवाद, 'पवित्र, पवित्र' हे स्तुतिगान, महाप्रार्थनेच्या शेवटचे गौरववचन व त्यावरचे 'आमेन', तसेच प्रभूची प्रार्थना. दुसऱ्या पायरीवर दयायाचना, गौरवगीत, देवाच्या कोकरास केलेली विनवणी, विश्वासांगीकार व विश्वासू जनांच्या प्रार्थना येतात. प्रवेशगीत, अर्पणगीत व ख्रिस्तप्रसाद-गीत तिसऱ्या पायरीवर आहेत. पहिली पायरी सोडून दुसरी वा तिसरी घेऊ नये, असा या सूचनावलीचा दंडक आहे.

वाचकहो, आपल्या रविवारच्या मिस्साचे चित्र डोळ्यांपुढे आणा. आपण बहुधा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. प्रवेशगीताला चार कडवी, सोबत वाद्यमेळ. आणि महाप्रार्थनेच्या शेवटचे 'आमेन' मात्र पुटपुटल्यासारखे. आपण मिस्सामध्ये गातो, मिस्सा गात नाही. एका बाजूस उपासना चालते आणि मधल्या फटींमध्ये गीते बसविली जातात.

गायकवृंदाविषयीही ही सूचनावली स्पष्ट बोलते. गायकवृंद हा श्रद्धावंतांच्या समुदायाचाच भाग असून लोकांच्या गायनाला आधार देणे हे त्याचे कार्य आहे. लोकांना पूर्णपणे वगळून सर्व गायन एकट्या गायकवृंदाकडे सोपविण्याची प्रथा तिने त्याज्य ठरविली आहे. विवाहासारख्या सोहळ्यांत केवळ लौकिक स्वरूपाचे संगीत उपासनेत शिरू नये, याचीही तिने आठवण करून दिली आहे.

आपल्या भाषेचे ऋण

मराठी श्रद्धावंतांना सामुदायिक गायन नवे नाही. कीर्तनात बुवा निरूपण करतात आणि टाळकरी व श्रोते ध्रुवपद उचलून धरतात. मिस्सातील प्रतिसाद-स्तोत्राची घडण याहून फार निराळी नाही: गायक स्तोत्राची कडवी म्हणतो आणि सभा ध्रुवपदाने उत्तर देते. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. ज्या लोकांत त्यांनी सेवा केली त्यांना पुराणश्रवणाची गोडी होती, हे ओळखून त्यांनी तारणाचा इतिहास ओवीछंदात रचला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. पुढे प्रोटेस्टंट बांधवांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी (१८६१–१९१९) भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला उपासनेत योग्य ते स्थान द्यावे, ही व्हॅटिकन परिषदेची शिकवण आहे. त्या वाटेवर आपल्या भाषेत कितीतरी आधी पावले पडली होती.

आमची एक कबुली

या विषयावर लिहिताना आम्हांस आमच्याच एका चुकीचे स्मरण होते. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांत एका धर्मग्रामात सेवा करीत असताना आम्ही मोठ्या उत्साहाने गायकवृंदाची पुनर्रचना केली. कीबोर्ड आणला, ध्वनिवर्धक वाढविले, दर रविवारी नवी गीते बसविली. लोक कौतुक करीत. वर्षभराने एक वयस्क भगिनी मिस्सानंतर भेटल्या आणि म्हणाल्या, "फादर, गाणी छान होतात. पण आमच्या तोंडची गेली." त्या तक्रार करीत नव्हत्या, फक्त सांगत होत्या. आम्ही हसून विषय टाळला.

काही महिन्यांनी पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा चालू असताना वीज गेली. कीबोर्ड थांबला, ध्वनिवर्धक बंद पडले, गायकवृंद गोंधळून गप्प झाला. प्रभूच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा मागच्या बाकांवरून त्याच भगिनींचा आवाज उमटला. जुनी, सर्वांच्या परिचयाची चाल होती. दुसऱ्या ओळीपर्यंत सारे चर्च गात होते. आवाज काही एका पट्टीत नव्हते. पण वर्षभरात प्रथमच वेदीपाशी उभे असताना आम्हांस पाठीशी आपल्या लोकांची प्रार्थना जाणवली. मिस्सानंतर आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "वीज यायच्या आत आटोपलं ते बरं झालं."

काय करता येईल?

धर्मग्रामांच्या उपासना समित्यांनी व गायकवृंदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो.

याजकांनी संवादाचे भाग निदान सणांच्या दिवशी तरी गाऊन म्हणावेत. आवाज गोड असण्याची अट नाही. 'पवित्र, पवित्र' व महाप्रार्थनेचे 'आमेन' यांच्या एकदोनच चाली ठरवून त्या वर्षानुवर्षे टिकवाव्यात. जे तोंडपाठ असते तेच आजारपणात आणि मरणशय्येवर सोबतीला येते. नवे गीत आणल्यास मिस्सापूर्वी पाच मिनिटे ते लोकांना शिकवावे आणि सलग काही रविवार तेच गावे. पट्टी सर्वसामान्य गळ्याला पेलेल अशी असावी. शुभवर्तमानापूर्वीचे 'आल्लेलुया' हा जयघोष आहे. तो गावयाचा नसेल तर वगळता येतो, इतके त्याचे नाते गायनाशी आहे.

शांततेचेही भान ठेवावे. ख्रिस्तप्रसादानंतरचे मौन गीतांनी भरून काढू नये. प्रायश्चित्तकाळात 'आल्लेलुया' थांबते आणि काही सण व आनंदाचा रविवार वगळता वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजतात. या संयमामुळेच पुनरुत्थानाच्या जागरणरात्री परतणारे 'आल्लेलुया' आपल्या काळजाला भिडते.

गायकवृंदातील बंधुभगिनी आठवडाभराच्या कामानंतर सरावासाठी वेळ देतात, त्याबद्दल ख्रिस्तसभा त्यांची ऋणी आहे. त्यांच्या सेवेचे मोल कमी करण्याचा या लेखाचा हेतू नाही. एखाद्या रविवारी त्यांनी क्षणभर थांबून कान द्यावा: मागच्या बाकावरचा आवाज ऐकू येत असेल, तर त्यांची सेवा सफल झाली असे समजावे. आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी, आपला गळा बरा नाही ही सबब पुढे करून, देवाला द्यावयाचे ते मागे ठेवू नये.