इस्टेट एजंट : व्यवसायाचा वार्षिक आराखडा

इस्टेट एजंटाचा व्यवसाय पूर्वी ओळखीपाळखीवर चाले. लेखी आराखड्याची गरज क्वचितच कोणाला भासत असे. स्थावर संपदा कायदा अर्थात ‘रेरा’ १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात लागू झाला आणि चित्र बदलले. कलम ९ नुसार नोंदणीशिवाय एजंटाला नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकता येत नाही. उल्लंघन चालू राहील तितके दिवस रोज १० हजार रुपये दंड होतो. तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एका व्यवहारातील दलालीहून ही रक्कम सहज मोठी ठरते. राज्यात २०२३ मध्ये प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली. त्यामुळे आराखड्यात पहिला खर्च जाहिरातीचा नव्हे, नोंदणीचा धरावा लागतो.

उत्पन्नाचा अंदाज बांधताना सणांचे गणित निर्णायक असते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या मुहूर्तांवर बुकिंग वाढते. पितृपक्षात व्यवहार मंदावतात, कार्यालयाचे भाडे मात्र थांबत नाही. दलाली बहुधा करारनोंदणीनंतरच हाती पडत असल्याने काही महिन्यांची गंगाजळी हवीच.

जाहिरातीत चटई क्षेत्र व महारेरा क्रमांक ठळक असावा. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ हे जुने वाक्य टाळलेले बरे. दिशाभूल करणाऱ्या माहितीमुळे एजंटाची नोंदणीच रद्द होऊ शकते.