मोमो राजा आला कोणत्या वाटेने?

कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत मोमो राजाची स्वारी निघते. खा, प्या, मजा करा, असं फर्मान सुटतं आणि मागून चित्ररथ, बँड, नाचणारी पोरं. बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्याआधीचे हे चार दिवस. बघणाऱ्याला वाटतं, 1510 नंतर पोर्तुगीजांनी आणलेला सण तो हाच. तसं नाही.

त्यांनी आणला तो ‘एंत्रुदो’. गोव्यात त्याचा ‘इंत्रुज’ झाला. त्यात ना राजा, ना रथ. एकमेकांवर पाणी, पीठ फेकायचं, सोंगं घेऊन हिंडायचं, असा तो धसमुसळा खेळ. हाच एंत्रुदो ब्राझीललाही गेला. तिथल्या सत्ताधाऱ्यांना त्याचा धिंगाणा सोसवेना. एकोणिसाव्या शतकात बंदीहुकूम निघाले आणि हळूहळू मिरवणुकांनी त्याची जागा घेतली. 1932 मध्ये रिओत सांबा पथकांची पहिली स्पर्धा झाली. 1933 मध्ये तिथे मोमो राजा अवतरला. चेष्टेचा ग्रीक देव मोमस हा त्याचा मूळपुरुष.

गोव्यात मात्र पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस सण मंदावला होता. मुक्तीनंतर, साठच्या दशकात, तिमोतिओ फर्नांडिस या गोमंतकीय संगीतकाराने रिओच्या धर्तीवर मिरवणूक उभी केली. म्हणजे पर्यटनाच्या जाहिरातींतला कार्निव्हल पोर्तुगीज निघून गेल्यावर आला, तोही चुलत घराण्याकडून!

जुना इंत्रुज शोधायचा तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जावं. तिथे या दिवसांत ‘खेळा’च्या मंडळ्या गावोगाव अंगणांतून फिरत. कर्णे, ढोल, बायकांच्या भूमिकेत पुरुष, आणि कथेत गावचीच माणसं: भाटकार (जमीनदार), मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारं कूळ), सासू-सून. एरवी जे बोलायची सोय नव्हती ते इथे गाण्यातून बोलता येई. आंतोनिओ मोराइश यांनी हा खेळ अंगणातून रंगमंचावर नेला. आज तो खेळ-तियात्र म्हणून नांदतो आहे. चित्ररथांपेक्षा मला ही परंपरा कितीतरी मोलाची वाटते.

आणि चांदर! कदंबांची ही जुनी राजधानी, चंद्रपूर. कार्निव्हलच्या सोमवारी रात्री इथले ख्रिस्ती गावकरी हातात मुसळं घेऊन नाचतात, पोर्तुगीजांच्या आधीच्या राजांची आठवण गातात. 1560 पासून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, इथल्या चालीरीतींवर वरवंटा फिरवला. चांदरकरांनी तरी मुसळ टाकलं नाही. माझ्या मते, नव्या धर्माच्या पंचांगात त्याला इंत्रुजची जागा मिळवून दिली.