एड ब्रॅडली शिष्यवृत्ती

रेडिओ, दूरचित्रवाणी व डिजिटल वृत्तक्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची अमेरिकन शिष्यवृत्ती. प्रसारण क्षेत्रातील वृत्तसंचालकांच्या संघटनेने ती १९९४ मध्ये, कृष्णवर्णीय पत्रकार ब्रॅडली हयात असतानाच, सुरू केली. श्वेतेतर विद्यार्थ्यांना तीत प्राधान्य मिळते. पत्रकारितेच्याच अभ्यासक्रमाची सक्ती नाही, ही तिची सर्वांत मोलाची बाजू.

खुद्द एड ब्रॅडली (१९४१–२००६) यांची पदवी शिक्षणशास्त्राची होती. फिलाडेल्फियातील शाळेत मुलांना शिकवत असतानाच ते स्थानिक रेडिओ केंद्रावर उमेदवारी करीत. १९६४ मध्ये त्या शहरात उसळलेल्या दंगलीचे वार्तांकन त्यांनी केले आणि त्यांची वाट ठरली. सीबीएस या अमेरिकन वाहिनीसाठी व्हिएतनाम युद्धाच्या बातम्या देताना १९७३ मध्ये कंबोडियात ते जखमी झाले. पुढे ते व्हाइट हाउसचे वार्ताहर झाले. राष्ट्रीय वाहिन्यांवर कृष्णवर्णीय पत्रकार अभावानेच दिसत, त्या काळातील ही नेमणूक होय. १९८१ पासून अखेरपर्यंत ते सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या वृत्तकार्यक्रमाशी निगडित राहिले. आफ्रिकेतील एड्स रुग्णांना औषधे का मिळत नाहीत, याचा शोध घेणारा त्यांचा वृत्तांत विशेष गाजला. त्याला पीबॉडी पुरस्कार लाभला.