गॅसबत्तीची राख

माझ्या लहानपणी आदिलाबादेत लग्नाची वरात निघाली की दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया चालायच्या. आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत, त्यामुळे बत्तीचं काम कमी. पण पाहुणे असले आणि वीज गेली, की बाबा ती काढत. नवं मेंटल बांधत आणि आधी ते तसंच जाळत. कापड जळून जायचं, पांढऱ्या राखेची पिशवी तेवढी लोंबत राहायची. "हात लावू नको, चुरा होईल," ते म्हणत. मग पंप मारला की त्याच राखेतून डोळे दिपवणारा उजेड!

"बाबा, राख परत कशी जळते?" मी विचारलं होतं. त्यांना सांगता आलं नाही. दहावीनंतर विज्ञान घ्यायचं माझ्या मनात होतं, पण त्यासाठी बाहेरगावी राहावं लागलं असतं. घरच्यांनी नको म्हटलं, मी कला शाखेत गेले आणि तो प्रश्नही तिथंच राहिला.

चाळीस वर्षांनी उत्तर दिलं ते पुतणीनं. ती रसायनशास्त्रात संशोधन करते. लँथनाइड धातूंचे गुच्छ आणि त्यांचं चुंबकत्व हा तिचा विषय. "काकू, तुमच्या गॅसबत्तीत आमच्या घराण्यातला एक जण होता," असं ती म्हणाली, आणि मी वाचायला बसले.

ती राख म्हणजे थोरियमचं ऑक्साइड, त्यात शेकडा एक भाग सिरियमचं. सिरियम हा लँथनाइड. राख जळत नव्हतीच. ज्योतीनं तापून ती प्रकाशत होती. ही युक्ती ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांची, १८८५ ते १८९१ या काळातली. मेंटलसाठी लागणारं मोनाझाइट आपल्या त्रावणकोरच्या समुद्रकाठच्या वाळूत आहे, हे १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञानं ओळखलं. मग ती वाळू बोटींत भरून परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये 'इंडियन रेअर अर्थ्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९५२ मध्ये केरळात आलुवा इथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला.

या धातूंना 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. पण ते नाव खरं नाही. १७८७ मध्ये स्वीडनच्या इटर्बी गावाजवळ एक काळा दगड सापडला, १७९४ मध्ये योहान गाडोलिन यांना त्यात नवी 'माती' आढळली, आणि तिथून ही नावं सुरू झाली. पुढे कळलं, की सिरियम पृथ्वीच्या कवचात तांब्याइतकंच आहे. कठीण होतं ते या धातूंना एकमेकांपासून वेगळं करणं. १८८६ मध्ये फ्रान्सच्या बुआबोद्राँ यांना एक धातू इतक्या खटपटीनं ओळखता आला, की त्याचं नाव त्यांनी ग्रीक भाषेतून घेतलं: डिस्प्रोसियम, म्हणजे हाती न लागणारा.

हे सगळे जुळ्या भावंडांसारखे का? कारण त्यांच्यातला फरक ज्या इलेक्ट्रॉनांत आहे ते अणूच्या आत, बाहेरच्या थरांखाली झाकलेले असतात. रासायनिक व्यवहार बाहेरच्या थरांचा, म्हणून तो सारखा. चुंबकत्व मात्र त्या आतल्या इलेक्ट्रॉनांचं, म्हणून ते प्रत्येकाचं निराळं. गॅडोलिनियम हा धातू साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली लोखंडासारखा चुंबक होतो, हे १९३५ मध्ये दिसलं. आमच्या उन्हाळ्यात त्याचा काही टिकाव लागणार नाही!

आता गुच्छांकडे येते. परमाणू जुळून झालेल्या समूहाला आपल्या शास्त्रांत स्कंध म्हणतात. म्हणून 'हे सारं आपल्याला आधीच ठाऊक होतं' असं प्रवचनात कुणी म्हटलं तर मला पटत नाही. शब्द आपल्याकडे होता. मोजमाप दुसऱ्यांनी केलं, ते त्यांचंच.

१९९३ मध्ये इटलीतल्या सेस्सोली, गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बारा मँगनीज अणूंच्या गुच्छाचा एकेक रेणू स्वतःच चुंबक असतो. उणे २७१ अंशांना तो आपली दिशा महिनोन् महिने धरून ठेवतो. २००३ मध्ये जपानच्या इशिकावा यांनी टर्बियमचा एकच अणू दोन सपाट रेणूंच्या मध्ये ठेवला, आणि तोही दिशा धरू लागला. २००६ मध्ये तीन डिस्प्रोसियमचा त्रिकोण तयार झाला. त्याच्याभोवती जे रेणू आहेत ते आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाच्या सुगंधी रेणूचे सख्खे भाऊ. गंमत म्हणजे, अतिथंड असताना या त्रिकोणाचं चुंबकत्व बाहेर जवळजवळ दिसेचना.

ते मला कळेना. पुतणीनं अंगणाकडे बोट दाखवलं. बतुकम्माचे दिवस होते, फुलांच्या ढिगाभोवती बाया फेर धरून होत्या. "प्रत्येक जण पुढे चाललीय ना? पण सगळा घोळका कुठे जातोय?" कुठेच नाही. तीन डिस्प्रोसियमांच्या दिशा तशाच फेर धरतात. प्रत्येकाची ताकद शाबूत, बेरीज शून्य.

यात आपल्या जवळचं काम पवईचं. मुंबईच्या आयआयटीतल्या मुरुगवेल आणि राजारामन यांच्या गटांनी २०१६ मध्ये एकट्या डिस्प्रोसियमला कोंदण केलं: कमरेभोवती पाण्याचे पाच रेणू, वर-खाली फॉस्फरसचे दोन मोठे रेणू. हे संयुग हवेत टिकतं, हे त्याचं विशेष. एरवी यातली पुष्कळ संयुगं हवा लागली की बिघडतात. उणे २६१ अंशांपर्यंत ते चुंबकाची स्मृती धरतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लेफील्ड यांच्या गटानं सहकाऱ्यांसह ही मर्यादा उणे १९३ अंशांपर्यंत आणली, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात भागेल इतकी. एका रेणूत एक नोंद ठेवायची, असं या मंडळींचं स्वप्न आहे.

धातू तोच, इलेक्ट्रॉन तेवढेच. कोंदण बदललं की एकदा दिशा क्षणात विसरतो, एकदा धरून ठेवतो. हे वाचताना मला स्वतःची आठवण झाली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

परवा माळ्यावरची गॅसबत्ती काढून पुसली. मेंटल कधीच गळून गेलंय. बाबा असते तर सांगितलं असतं: बाबा, राख जळत नव्हती हो. तापत होती, म्हणून दिसत होती.