रिकामा लिफाफा

तिकिटे जमवणाऱ्या एका मित्राने मागे एक जुना लिफाफा दाखवला. आत पत्र नव्हते. वर १९४१ सालचा शिक्का, सेन्सॉरची खूण आणि पत्ता: गनर अमुक, १५५ फील्ड रेजिमेंट, आर. ए., मलाया. ‘आर. ए.’ म्हणजे रॉयल आर्टिलरी, ब्रिटिशांचा तोफखाना. मित्राला तिकिटाचे मोल होते. मला त्या १५५ आकड्याने ओढ लावली.

ही मूळची स्कॉटलंडमधील लॅनार्कशायरची घोडेस्वार पलटण. १९४० मध्ये तिचे घोडे गेले, तोफा आल्या. मलायात ती ११व्या हिंदी डिव्हिजनबरोबर लढली. ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे स्लिम नदीजवळ जपानी रणगाडे हिंदी ब्रिगेडांच्या फळ्या फोडून कित्येक मैल आत घुसले. त्यांना थोपवले ते याच रेजिमेंटच्या साडेचार इंची हॉवित्झर तोफेने. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले आणि हे गोलंदाज कैदेत गेले. त्यांतील अनेकांनी तैवानमध्ये किंकासेकीच्या तांब्याच्या खाणीत मरणयातना सोसल्या.

हे कळते कसे? लंडनमध्ये क्यू येथील अभिलेखागारात पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत, जपान्यांनी भरलेली कैद्यांची कार्डे आहेत, सुटकेनंतर कैद्यांकडून लिहून घेतलेली प्रश्नपत्रके आहेत. पलटणीचा आकडा हाती असला की साध्या गोलंदाजाचाही माग काढता येतो.

पण स्लिमच्या त्याच रस्त्यावर त्या पहाटे पंजाब रेजिमेंटचे जवानही होते. त्यांत मुसलमान होते, शीख होते, डोगरे होते. सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर चोवीस हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. त्यांत खान, अली, मुहंमद अशी नावे कितीतरी. नाव आहे, पलटण आहे. त्यापुढचा माणूस मात्र बहुधा हरवला आहे. अनेकांना लिहिता येत नव्हते, खत दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. जे घरी पोहोचले, ते तरी किती घरांनी जपले?

आपल्या कोकणातूनही त्या काळी कितीतरी लोक जहाजांवर होते, काही फौजेत होते. त्यांचे कागद ट्रंकेत पडून राहिले. घर पाडताना, मुंबईला बिऱ्हाड हलवताना रद्दीत गेले. इतिहासात आमची नोंद नाही, अशी तक्रार आपण करतो. ती खोटी नाही. पण काही पुरावा आपल्याच हातून गेला, हेही कबूल केले पाहिजे.

म्हणून एवढेच सांगणे: आजोबांची ट्रंक एकदा उघडा. पत्र सापडले नाही तरी लिफाफा फेकू नका. पत्त्यावरचा एक आकडाही वाट दाखवतो.